जुन्या औषधांचे नवे मेळ कोण तपासणार?

अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या डॉक्टरांनी २०२४ च्या जून महिन्यात एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, ज्यांच्या शरीरात औषधांना दाद देईनासा झाला होता किंवा बरा होऊन पुन्हा उलटला होता, अशा पन्नास रुग्णांना पाच औषधांचा एक मेळ देण्यात आला. व्हेनेटोक्लॅक्स, इब्रुटिनिब, प्रेडनिसोन, ओबिनुट्युझुमॅब आणि लेनॅलिडोमाइड ही ती औषधे. ज्यांच्याबाबत परिणाम मोजता आला अशा ४८ रुग्णांपैकी ५४ टक्क्यांचा रोग ओसरला आणि ३८ टक्क्यांच्या शरीरात तो तपासणीत दिसेनासा झाला. दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश रुग्ण रोग पुन्हा न बळावता जगत होते. यांतील अनेकांचे इतर सर्व उपचार करून संपले होते हे लक्षात घेतले, तर हे यश लहान नाही.

परंतु या बातमीचा चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. चिंचपोकळी स्थानकावरून लोकल सुटली की करीरोडनंतर येणाऱ्या परळ स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत रोज शेकडो माणसे हातात तपासण्यांची जाडजूड फाईल घेऊन टाटा स्मारक रुग्णालयाची वाट विचारीत असतात. त्यांच्यापैकी ज्यांना लिम्फोमा आहे आणि पहिल्या उपचाराने जो हटला नाही, त्यांच्यासमोर हाच प्रश्न उभा असतो. आता पुढचे औषध कोणते? ते आपल्याला लागू पडेल हे कोणी तपासले आहे काय? आणि लागू पडलेच, तर ते परवडेल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्र देऊ शकते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाजाला आणि सरकारला द्यावी लागतात. या लेखाचा विषय मुख्यतः ते दोन प्रश्न आहेत.

एका औषधाने का भागत नाही?

लिम्फोमा हा एक रोग नसून रोगांचे मोठे कुळ आहे. त्याच्या हॉजकिन व नॉन-हॉजकिन या दोन मुख्य शाखा आणि त्यांचे अनेक पोटभेद आहेत. यांतील सर्वांत अधिक आढळणाऱ्या आक्रमक प्रकारात आज जो प्रमाण उपचार दिला जातो, त्याला डॉक्टर मंडळी ‘आर-चॉप’ म्हणतात. त्यात पाच औषधे असतात आणि त्याने साठ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. कर्करोगाच्या संदर्भात ‘बरे होतात’ हे शब्द निर्धास्तपणे वापरता येणे ही विसाव्या शतकाची मोठी कमाई होय. पण उरलेल्या तीस ते चाळीस टक्क्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

अनेक औषधे एकत्र देण्याची कल्पना कर्करोगाच्या डॉक्टरांना क्षयरोगाने शिकविली. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या परिसरात वाढलेल्या जुन्या पिढीला हे सांगावयास नको. स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा रुग्ण सुधारत, आणि काही महिन्यांनी पुन्हा कोसळत. कारण थोडे जंतू त्या औषधाला पुरून उरत आणि तेच पुढे वाढत. जोडीला दुसरे औषध देताच हा डाव उलटला. एका औषधाला चकविणारा जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडू लागला.

कर्करोगाच्या पेशींचेही असेच असते. १९४२ साली अमेरिकेत येल येथे गुडमन आणि गिल्मन यांनी युद्धातील विषारी मस्टर्ड वायूच्या जातीचे रसायन लिम्फोमाच्या एका रुग्णाला प्रथम दिले. गाठी विरघळल्या, आणि थोड्याच काळात परत आल्या. रुग्ण वाचला नाही. पुढे वीस वर्षे एकेका औषधाचा हाच अनुभव येत राहिला. १९६० च्या दशकात काही तरुण डॉक्टरांनी चार चार औषधे एकत्र देण्याचे धाडस केले, तेव्हा ‘एक विष पुरे नाही म्हणून चार देता काय’ अशी टीका त्यांच्यावर झाली. परंतु त्यांच्या निवडीमागे विचार होता. प्रत्येक औषध पेशीवर वेगळ्या ठिकाणी घाव घालणारे हवे, आणि प्रत्येकाचा त्रास शरीराच्या वेगळ्या भागाला होणारा हवा, म्हणजे घाव एकवटतात आणि त्रास विभागला जातो. हॉजकिन रोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या ४३ रुग्णांवर वापरलेल्या अशा चार औषधांच्या मेळाचे निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यांतील ८१ टक्क्यांच्या शरीरातून रोगाच्या खुणा नाहीशा झाल्या होत्या. तोपर्यंत हा रोग म्हणजे मृत्युलेखच समजला जात असे.

त्या चार औषधांतील एक आपल्या अंगणातील आहे. कोकणातल्या घरांच्या पुढीलदारी आणि मुंबईतल्या चाळींच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात फुलणारी सदाफुली हेच व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन या दोन औषधांचे मूळ होय. मधुमेहावरील झाडपाला म्हणून तिची कीर्ती होती. ती खरी की खोटी हे पाहण्यासाठी कॅनडातील संशोधकांनी अर्क काढला. मधुमेह हटला नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे दिसले, आणि त्यातून कर्करोगावरचे औषध सापडले. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. सदाफुलीची पाने चघळून कर्करोग बरा होत नाही, उलट अपाय होतो. ढीगभर पानांतून चिमूटभर औषध निघते आणि त्याची मात्रा मिलिग्रॅमांत मोजावी लागते. झाडपाल्याचे औषध होते ते या मोजमापाने आणि चाचणीनेच.

पहिल्या यशाची भुरळ

पाच औषधांच्या नव्या मेळाच्या वार्तेने हुरळून जाण्यापूर्वी एक जुनी कथा आठवावी. आज प्रमाण मानल्या गेलेल्या उपचाराचे मूळ रूप ‘चॉप’ हे १९७० च्या दशकातले. १९८० च्या दशकात निरनिराळ्या नामांकित रुग्णालयांनी सहा सहा, आठ आठ औषधांचे अधिक कडक मेळ तयार केले आणि प्रत्येकाने आपला मेळ जुन्यापेक्षा सरस असल्याचे आकडे दिले. अनेक डॉक्टरांनी जुना उपचार मोडीत काढला. मग अमेरिकेत सुमारे नऊशे रुग्णांची चार गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून जुना एक आणि नवे तीन अशा चार उपचारांची समोरासमोर तुलना झाली. १९९३ मध्ये निकाल लागला. तीन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण चारही गटांत जवळजवळ सारखे, ४४ टक्क्यांच्या आसपास होते. उपचाराच्याच दुष्परिणामाने दगावलेल्यांचे प्रमाण मात्र जुन्या उपचारात एक टक्का होते, तर नव्या तिघांत तीन ते सहा टक्के.

याचा अर्थ उघड आहे. एका नामवंत रुग्णालयात निवडक रुग्णांवर मिळालेले यश हे त्या उपचाराचे यश असेलच असे नाही. ते रुग्ण मुळातच धडधाकट असू शकतात. ‘नवे आणि अधिक’ म्हणजे ‘अधिक चांगले’ ही समजूत औषधांच्या बाबतीत जीवघेणी ठरू शकते. म्हणूनच तुलनेचा गट ठेवणे ही डॉक्टरांची निर्दयता नव्हे, ती रुग्णाच्या हिताची राखण आहे. २००२ साली रिट्युक्सिमॅब हे औषध जुन्या ‘चॉप’ला जोडल्याने खरोखर फायदा होतो हे ठरले तेही तुलनेमुळेच. साठ ते ऐंशी वर्षे वयाच्या ३९९ रुग्णांपैकी ज्यांना हे जोडऔषध मिळाले त्यांतील ७० टक्के दोन वर्षांनी हयात होते. ज्यांना मिळाले नाही त्यांतील ५७ टक्के. अमेरिकेतील पाच औषधांच्या मेळाची आज अशी तुलना झालेली नाही. तो आशेचा किरण आहे, पण त्याला अद्याप सूर्योदय म्हणता येणार नाही.

परळची परंपरा

अशा चाचण्या ही केवळ श्रीमंत देशांची चैन आहे असा एक समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळतो. परळचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि त्या दुःखातून पुढे टाटांच्या विश्वस्त निधीने परळला रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. त्याच्या जोडीने संशोधनाची घडी बसविली ती वसंत रामजी खानोलकर यांनी. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९६२ साली रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेले, आणि रुग्णसेवा, अध्यापन व संशोधन या तिन्ही गोष्टी सरकारी पैशावर एका छपराखाली चालण्याची दुर्मीळ सोय झाली.

या सोयीचे फळ १९८४ नंतर दिसले. लहान मुलांच्या व तरुणांच्या रक्ताच्या तीव्र कर्करोगावर अनेक औषधांची एकच ठराविक उपचारपद्धती मुंबईचे टाटा रुग्णालय, मद्रासची अड्यारची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी मिळून वापरावी असे ठरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्रथ यांचे साह्य होते आणि मुंबईत धुरा डॉ. सुरेश अडवाणी यांच्याकडे होती. बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या या डॉक्टरांनी १९८३ साली याच रुग्णालयात देशातले पहिले अस्थिमज्जारोपण केले होते. एम.सी.पी. ८४१ या क्रमांकाने ओळखली जाणारी ती पद्धत येण्यापूर्वी वीस टक्क्यांहून कमी मुले वाचत. ती आल्यावर हे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. पाठोपाठ ८४२ क्रमांकाची पद्धत मुलांच्या लिम्फोमासाठी आखली गेली आणि तिचा वृत्तांत १९९७ मध्ये परदेशी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

या कामाने आणखी एक गोष्ट शिकविली, आणि तिचे मोल टक्केवारीहून अधिक आहे. आपल्याकडची मुले केवळ कर्करोगाने दगावत नव्हती. औषधांनी प्रतिकारशक्ती खालावली की जंतुसंसर्गाने दगावत होती. मुळात कुपोषित असल्याने औषधांचा मारा सोसू शकत नव्हती. पैसे संपल्यामुळे उपचार अर्धवट टाकून गावी परतत होती. बोस्टनच्या मुलाला जी मात्रा झेपते ती बुलढाण्याच्या मुलाला झेपेलच असे नाही. तेव्हा ‘परदेशात सिद्ध झाले आहे, आता येथे पुन्हा चाचणी कशाला’ या आक्षेपात अर्थ नाही. आपल्या माणसांच्या देहावर, आपल्या वॉर्डांत, आपल्या परिस्थितीत एखादा मेळ काय करतो हे आपणच पाहिले पाहिजे. ते दुसरे कोणी पाहणार नाही.

नफा नाही तेथे कंपनी नाही

हे दुसरे कोणी का पाहणार नाही, याचे कारण अर्थशास्त्रात आहे. नव्या औषधाच्या चाचणीवर कंपनी अफाट पैसा ओतते, कारण पेटंटच्या काळात तो अनेक पटींनी वसूल होतो. पण वीस-तीस वर्षांपूर्वीची स्वस्त औषधे वेगळ्या प्रमाणात एकत्र केली तर कसे, किंवा महागड्या औषधाची मात्रा दहापटीने घटविली तर कसे, हा प्रश्न कोणत्या कंपनीच्या हिताचा आहे? पहिल्यात तिला नफा नाही. दुसऱ्यात तर तोटाच आहे. रुग्णाच्या दृष्टीने मात्र जगण्या-मरण्याचे प्रश्न नेमके हेच आहेत.

असे प्रश्न विचारले की उत्तरे मिळतात याचे दाखले आहेत. कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या एका चाचणीत उलटलेल्या लिम्फोमाच्या ६१९ रुग्णांवर दोन जुन्या मेळांची तुलना झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोहोंचा गुण सारखाच, सुमारे ४५ टक्के, होता. पण जेमसिटाबिन, डेक्सामेथासोन व सिस्प्लॅटिन यांच्या मेळाचा त्रास कमी होता आणि रुग्णाला खाटेवर दाखल करण्याची गरजही कमी पडत होती. जेथे एका खाटेसाठी दहा जण ताटकळत असतात तेथे या निष्कर्षाचे मोल किती, हे परळच्या कोणत्याही परिचारिकेला विचारावे.

दुसरा दाखला खुद्द परळचा आहे. तेथील डॉक्टरांनी तोंडाच्या व गळ्याच्या, हाताबाहेर गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांना कमी मात्रेतील तीन जुनी तोंडाने घ्यावयाची औषधे दिली. त्यांतील निम्म्यांना जोडीला निव्होलुमॅब हे अत्यंत महाग औषध दिले, पण नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले होते. हा लिम्फोमा नव्हे, हे खरे. पण प्रश्न विचारण्याची ही पद्धत लिम्फोमालाही लागू आहे.

तिसरा दाखला जुना, पण सर्वांत बोलका. १९५६ साली मद्रासला क्षयरोग्यांच्या दोन गटांची तुलना सुरू झाली. एकाला आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, दुसऱ्याला झोपडपट्टीतल्या घरीच. १९५९ मध्ये निकाल आला की गुण सारखाच. खाटा नव्हत्या म्हणून विचारलेल्या त्या प्रश्नाने साऱ्या जगातील आरोग्यधामांची रीत बदलली. गरिबीतून निघालेला प्रश्न हा गरीब दर्जाचा प्रश्न नसतो.

चाळीस लाख आणि पाच लाख

यावर कोणी म्हणेल की आता जुनी औषधे चाळवीत बसण्याची गरज काय? रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखावयास शिकवून परत शरीरात सोडण्याचा ‘कार-टी’ उपचार पवईच्या आय.आय.टी.ने आणि टाटा रुग्णालयाने मिळून देशातच सिद्ध केला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. उलटलेल्या लिम्फोमाच्या व रक्ताच्या कर्करोगाच्या ६४ रुग्णांवरील चाचण्यांत सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला. ही कामगिरी प्रत्येक मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशीच आहे. परदेशात या उपचाराला कोट्यवधी रुपये पडतात; येथे तो त्याच्या लहानशा अंशात होतो.

पण तो लहानसा अंशही तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे छत्र वाढवून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत नेले गेले, हे स्वागतार्हच. परंतु पाच आणि चाळीस यांच्यामधली दरी शिक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीने भरत नाही, कारकुनाचे घर विकूनही ती पुरती भरत नाही. शिवाय ज्यांना कार-टी मिळू शकते त्यांचाही रोग पेशी तयार होईपर्यंत काही आठवडे औषधांनीच थोपवून धरावा लागतो, आणि ज्यांना तो उपचार लागू पडत नाही त्यांना पुन्हा औषधांच्या मेळांकडेच वळावे लागते. म्हणजे नवा उपचार आला म्हणून जुना प्रश्न संपत नाही. दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी काम करावे लागेल.

संमती कागदावरची आणि मनातली

मात्र चाचण्यांचा पुरस्कार करणाऱ्याने त्यांच्या काळ्या बाजूकडे डोळेझाक करता कामा नये. १८९७ च्या जानेवारीत प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी आपली लस भायखळ्याच्या प्रयोगशाळेत प्रथम स्वतःला टोचून घेतली, ही गोष्ट आपण शाळेतल्या मुलांना अभिमानाने सांगतो. तिचा पुढचा भाग सहसा सांगत नाही. त्यानंतर तीच लस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना टोचण्यात आली. जे पुढे आले त्यांना लस, जे आले नाहीत त्यांच्याशी तुलना. लशीचा गुण सिद्ध झाला आणि पुढे असंख्य जीव वाचले. पण दाराला बाहेरून कुलूप असलेल्या माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न चिंचपोकळीच्या लगतच्या त्या भिंतींआड सव्वाशेहून अधिक वर्षे उभा आहे. ज्याचा रोग उलटला आहे, पैसे संपले आहेत आणि ज्याला ‘चाचणीत आलात तर औषध फुकट’ असे सांगितले जाते, त्याच्या दारालाही एक अदृश्य कुलूप असतेच.

२००९ साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना दिल्या गेलेल्या लशीच्या प्रकल्पात वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्यांवर काम भागविले गेल्याचे उघड झाले. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पाहणीने तपासणीमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात हे दाखविले. पण तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, असा आक्षेपही तिच्यावर आला. तेव्हा अशी तपासणी कोठेच होत नव्हती, हे तिच्या कर्त्यांचे उत्तर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच असे निर्णय बंद दाराआड होऊ नयेत.

कायदा या बाबतीत पूर्वीहून पुष्कळ पुढे गेला आहे. २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची आधी सार्वजनिक नोंद करणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी चाचणीमुळे इजा झालेल्या रुग्णाला मोफत उपचार व भरपाईचा हक्क दिला. परंतु त्याच नियमांनी मान्यताप्राप्त औषधे नव्या रीतीने वापरून पाहणाऱ्या, निव्वळ अभ्यासासाठी असलेल्या चाचण्यांना केंद्रीय परवानगीतून सूट दिली. रुग्णालयाच्या नीतिसमितीची मान्यता पुरेशी ठरविली. आपण ज्या चाचण्यांचा पुरस्कार करीत आहोत त्या नेमक्या याच वर्गातल्या. ही सूट योग्य आहे, अन्यथा लाल फितीत सारे अडकले असते. पण तिने नीतिसमितीवरचा भार वाढविला आहे, आणि कंपनी नसलेल्या चाचणीत भरपाईचा पैसा कोठून यावयाचा हा प्रश्नही उभा केला आहे. त्यासाठी सरकारने स्वतंत्र कायमचा निधी राखून ठेवला पाहिजे. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत हवे. आणि ते ‘यादृच्छिकीकरण’ अशा दगडी शब्दांनी भरलेले नको, तर सातवी शिकलेल्या माणसाला वाचून कळेल अशा मराठीत, हिंदीत, बंगालीत हवे. नकार दिला तरी उपचारात कमी पडणार नाही, हे वाक्य त्यात सर्वांत वर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत असावे.

निवाऱ्याचा प्रश्न

चाचणीचे यश केवळ औषधावर ठरत नाही. सहा-सात महिने दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात येता येणे, मधल्या काळात स्वच्छ पाणी व पोटभर अन्न मिळणे, ताप चढला तर तासाभरात डॉक्टरांपर्यंत पोहोचता येणे, या गोष्टी औषधाइतक्याच निर्णायक असतात. फूटपाथवर राहणाऱ्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधाने खाली आणणे म्हणजे त्याला एका मृत्यूतून काढून दुसऱ्याच्या तोंडी देणे होय. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि अनेक सेवाभावी संस्था या बाबतीत जे काम करतात ते मोठे आहे. पण गरज त्याहून मोठी आहे.

२०२१ च्या मे महिन्यात म्हाडाने करीरोड भागातील शंभर घरे या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी टाटा रुग्णालयाला दिली. तेथील रहिवाशांनी हरकत घेतली आणि जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली. मग बॉम्बे डाइंगच्या जागेवरील घरे देण्याचे ठरले. रहिवाशांच्या साऱ्याच हरकती निराधार होत्या असे म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षे रखडलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना नवख्या शेजाराची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हेही कोणीतरी त्यांना सांगावयास हवे होते. ज्या गिरणगावाने १९८२ च्या संपात एकमेकांच्या चुली पेटत्या ठेवल्या, ज्याच्या गणेशोत्सव मंडळांनी रक्तदानाची परंपरा जोपासली, त्या गिरणगावाच्या स्वभावात परक्या रुग्णाला दार लावून घेणे बसत नाही. एकेका मंडळाने उपचार चालू असलेल्या दहा रुग्णांच्या राहण्या-जेवण्याची सहा महिन्यांची जबाबदारी घेतली, तर अर्धवट सुटणारे कितीतरी उपचार पुरे होतील. जेथे गिरण्या होत्या त्या जमिनींवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या सावलीत एक मोठी रुग्णधर्मशाळा उभारण्याएवढी जागा निघू नये, हे पटण्यासारखे नाही.

काय करावयास हवे

मार्ग अज्ञात नाही. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज तीनशेहून अधिक रुग्णालये व संस्था आहेत. त्यांतील २३ केंद्रांनी मिळून चाळीस औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपयांची बचत झाली. एकत्र खरेदी करता येते, तर एकत्र चाचण्याही करता येतील. १९८४ मध्ये तीन केंद्रांनी जे केले ते आज तीस केंद्रांना अशक्य नाही. त्यासाठी अशा बचतीतील एक ठराविक हिस्सा नफा नसलेल्या चाचण्यांसाठी राखून ठेवावा. उलटलेल्या लिम्फोमासाठी स्वस्त औषधांच्या दोन-तीन मेळांची समोरासमोर तुलना सर्वप्रथम हाती घ्यावी. निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध करण्याचे बंधन घालावे. आणि जो मेळ गुणकारी ठरेल तो राज्याच्या आरोग्य योजनेत विनाविलंब समाविष्ट करावा. ज्या रुग्णांच्या देहावर ज्ञान कमावले, त्यांच्याच भावंडांना ते ज्ञान परवडू नये, यासारखा अन्याय दुसरा नाही.

चाचणीला होकार देणारा रुग्ण एका अर्थी शिक्षकच असतो. आपण स्वतः बरे होऊ याची खात्री नसताना तो पुढच्या रुग्णासाठी धडा लिहून ठेवतो. १९८४ नंतरच्या त्या वॉर्डांतील मुलांपैकी जी वाचली नाहीत त्यांच्यामुळेही पुढची मुले वाचली. त्यांचे ऋण फेडावयाचे, तर त्यांनी लिहिलेला धडा वाचणारे, पुढे नेणारे आणि त्याचा खर्च उचलणारे कोणीतरी असले पाहिजे. बाजार ते काम करणार नाही. ते सरकारने केले पाहिजे, आणि सरकार ते करते की नाही यावर शिक्षक, कारकून व विद्यार्थी या जाणत्या वर्गाने लक्ष ठेवले पाहिजे.